धोरण-संशोधन संस्थेत काम करायचे असेल तर

एका सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'जमीन, एकरांत' असा रकाना होता आणि एका शेतकऱ्यापुढे २.२० असा आकडा होता. संगणकाने तो दोन पूर्णांक दोन दशांश एकर असा वाचला. परंतु ज्याने तो सांगितला आणि ज्या मुलाने तो लिहून घेतला, त्या दोघांच्याही मनात तो दोन एकर वीस गुंठे, म्हणजे सरळ अडीच एकर होता, कारण एकराचे गुंठे चाळीस. आता एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला तो अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. एका टिंबामुळे हा शेतकरी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेला होता. मी या क्षेत्रात नवा असताना ही चूक तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. ती दाखवली आमच्या क्षेत्र-पर्यवेक्षक बाईंनी, ज्यांचे शिक्षण बारावीपर्यंत झाले होते आणि ज्यांच्या घरी शेती होती. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना मला जे सांगायचे आहे ते याच रकान्यापासून सुरू होते. आकडा कुठून आला, कोणी सांगितला, कोणत्या मापात सांगितला आणि पुढे तो कोणत्या कागदावर जाऊन निर्णय होणार आहे, याचा माग काढता येणे हे या कामातले मुख्य कौशल्य आहे. बाकीची कौशल्ये त्याच्या आधाराने शिकायची असतात.

काम काय असते

धोरण-संशोधन संस्था, किंवा हल्ली ज्यांना 'पॉलिसी लॅब' म्हटले जाते त्या, सगळ्या एकाच प्रकारचे काम करत नाहीत, आणि अर्ज करण्यापूर्वी हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. काही संस्था प्रत्यक्ष प्रयोग करून एखाद्या उपक्रमाचा परिणाम मोजतात. याचे आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवत असे. २००१ ते २००३ या काळात त्याचे मोजमाप झाले तेव्हा काही शाळांत एका इयत्तेला आणि काही शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी देण्यात आली, आणि ही निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक असल्यामुळे दोन्हींच्या गुणांची तुलना विश्वासार्ह ठरली. त्या अभ्यासात असलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे मायकेल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा प्रयोगांत नवख्या माणसाच्या वाट्याला येणारे काम म्हणजे शाळांच्या याद्या करणे, चाचण्या छापून वेळेवर पोहोचवणे आणि गैरहजर मुलांचा घरोघरी जाऊन शोध घेणे, हेही माहीत असू द्यावे.

दुसऱ्या काही संस्था कागद आणि करार वाचतात. पुण्याच्या 'प्रयास'ने १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारातील दरांचा हिशेब उलगडून लोकांपुढे मांडला. त्यासाठी गावोगाव फिरण्यापेक्षा कलमे, परिशिष्टे आणि सूत्रे वाचण्याची चिकाटी लागली. मुंबईतील 'प्रजा फाउंडेशन' महापालिकेचा कारभार आणि लोकप्रतिनिधींनी विचारलेले प्रश्न यांची नोंद ठेवते. दिल्लीची 'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च' ही संस्था २००५ पासून विधेयकांची सोपी व तटस्थ टिपणे खासदार-आमदारांसाठी तयार करते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहण्यांची जी परंपरा घातली, ती आजही या क्षेत्रातल्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

आणि काही ठिकाणी संशोधन व सेवा यांच्यात भिंतच नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आधी गावागावांतील बालमृत्यू नीट मोजले, मग ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि दुसऱ्या ४७ गावांशी त्याची तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये 'आशा' कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू झाला. मधली बारा वर्षे मुद्दाम लक्षात ठेवावीत. निष्कर्ष प्रसिद्ध झाला म्हणून धोरण बदलत नाही, आणि ज्यांना दर सहा महिन्यांनी फळ दिसायला हवे असते त्यांना हे काम मानवत नाही.

शासन निर्णय वाचायला शिका

राज्यस्तरावरील धोरणावर काम करणाऱ्याने पहिले कौशल्य कोणते मिळवावे असे विचारले, तर मी संगणकाच्या आधी शासन निर्णयाचे नाव घेईन. महाराष्ट्र शासनाचे निर्णय मराठीत निघतात आणि संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतात, तरीही चांगल्या महाविद्यालयांतून आलेली मुले ते वाचायचे टाळतात, कारण त्यांना ती भाषा अवघड वाटते. ज्याचे शालेय शिक्षण मराठीत झाले आहे, त्याच्या हाती येथे खरोखर मोठी शिदोरी आहे.

शासन निर्णय हाती घेतला की थेट मधल्या 'शासन निर्णय' या मथळ्याकडे जाऊ नये. आधी वर 'वाचा' म्हणून जी संदर्भांची यादी असते ती पाहावी, कारण आजचा निर्णय हा बहुधा आधीच्या चार-पाच निर्णयांची दुरुस्ती असतो, आणि ते जुने कागद एकामागून एक उघडत गेले की योजना मुळात कशासाठी होती आणि तिच्यात केव्हा काय बदलले हे कळते. त्यानंतर प्रस्तावना वाचावी. शासनाने समस्या कोणत्या शब्दांत मांडली आहे ते तिथे दिसते. मग पात्रतेच्या अटी, मग समिती कोणाची आणि तिचे सदस्य सचिव कोण, कारण बैठक बोलावणे त्यांच्या हाती असते. शेवटी 'यासाठी होणारा खर्च अमुक लेखाशीर्षातून भागविण्यात यावा' हे वाक्य शोधावे आणि ते लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील त्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक, वहीत लिहून घ्यावे. त्या क्रमांकावरून अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, आणि या तीन आकड्यांतले अंतर पाहून योजना किती गंभीरपणे राबवली गेली याचा पुष्कळसा अंदाज येतो. घोषणेच्या वेळचा आकडा वर्तमानपत्रात येतो. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षांनी येतो आणि तो बघायला कोणी थांबत नाही. तो बघणे हे आपले काम.

सरावासाठी तुमच्या जिल्ह्यातील एकच योजना घ्या, तिचे मागील दहा वर्षांतले सर्व शासन निर्णय मिळवा आणि त्यांची तारीखवार वंशावळ एका पानावर मांडा. जिथे कागद सापडत नाही तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. 'का केले' असे विचारू नये. 'अमुक तारखेच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी' असे विचारावे, म्हणजे अर्ज परत येण्याचे कारण उरत नाही.

आकडे

संख्याशास्त्राची भीती बाळगू नका, आणि त्याला वळसा घालून जाता येईल असेही समजू नका. सरासरी आणि मध्यक यांतला फरक, नमुना कसा काढतात, प्रमाण त्रुटी म्हणजे काय, प्रतिगमनाचा (रिग्रेशनचा) सहगुणक, म्हणजे एका गोष्टीतल्या बदलाबरोबर दुसरी किती बदलते ते सांगणारा आकडा, कसा वाचायचा आणि तो कशाचा पुरावा ठरत नाही, एवढे पक्के हवे. साधनांपैकी एक्सेल उत्तम यावे आणि 'स्टाटा' किंवा 'आर' या संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालींपैकी एक. 'आर' मोफत आहे, म्हणून ज्याच्या खिशाला परवाना झेपत नाही त्याने निःशंकपणे ते घ्यावे. प्रत्येक आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी; माऊसने केलेला बदल सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

शिकण्याचा एक मार्ग मी सर्वांना सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत १९९२-९३ पासून होत आले आहे आणि त्याची पाचवी फेरी २०१९-२१ ची आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, २०१७ पासून चालू आहे. या दोन्हींची व्यक्तिगत ओळख काढून टाकलेली मूळ माहिती नोंदणी करून मिळवता येते. छापील अहवालातला महाराष्ट्राचा एकच आकडा निवडा आणि तो मूळ माहितीतून स्वतः काढून अहवालाशी जुळवा. पहिल्या प्रयत्नात तो जुळत नाही. बहुधा नमुन्याची भारांकने लावायची राहिलेली असतात, म्हणजे पाहणीतले एक कुटुंब प्रत्यक्षातल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलते आहे हे धरलेले नसते. कधी वयोगट चुकलेला असतो, कधी 'माहीत नाही' साठी भरलेला ९८ हा संकेत वयासारखा मोजला गेलेला असतो. आकडा दशांशापर्यंत जुळेपर्यंत जे दोन-तीन आठवडे जातात, तेवढे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्र अभ्यासक्रमात एकवटून मिळत नाही, आणि मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्टही तीच असते.

गावात आणि वस्तीत

प्रश्नावली बहुतेक वेळा इंग्रजीत तयार होते आणि तिचे मराठी करण्याचे काम नव्याने आलेल्या मराठी सहकाऱ्याकडे येते. हे काम कारकुनी समजू नका, कारण पाहणी घडते वा बिघडते ती इथेच. श्रमबल सर्वेक्षणात माणूस काय करतो हे संकेतांकांनी नोंदवतात: घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला २१, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. कापसाच्या हंगामात एखाद्या अंगणात जाऊन बाईंना विचारा, 'तुम्ही काय काम करता?' उत्तर येते, 'काही नाही, घरीच असते.' त्या हे बोलत असतात तेव्हा त्यांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असतात आणि ओसरीवर वेचलेल्या कापसाचे गाठोडे असते. पहिले उत्तर लिहून पुढे गेलात तर त्या बाई ९२ मध्ये जातात आणि देशाच्या श्रमबलातून बाहेर पडतात. त्याऐवजी 'गेल्या सात दिवसांत वेचणीला गेला होतात का, शेळ्या कोणी चारल्या, खुरपणी कोणी केली' असे विचारले, की त्याच बाई बोटांवर दिवस मोजू लागतात. 'काम' हा शब्द त्यांच्या लेखी मजुरीसाठी राखून ठेवलेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने भाषांतर करावे.

मराठीत झालेली प्रश्नावली मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत करवून घ्यावी आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवावेत. नंदुरबारला आणि सिंधुदुर्गला एकच मराठी चालेल असे धरू नये; आदिवासी भागात पावरी, भिली, गोंडी, कोरकू बोलणारा स्थानिक सहकारी नसेल तर तिथे पाहणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वचाचणी वीस-पंचवीस घरांत करावी आणि तिला स्वतः हजर राहावे. टॅबवरच्या प्रश्नावलीसाठी 'कोबो टूलबॉक्स' किंवा 'सर्व्हेसीटीओ' यांपैकी एक येणे पुरेसे आहे. जमिनीसाठी एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. रोज संध्याकाळी त्या दिवसाची माहिती तपासावी, आणि झालेल्या मुलाखतींपैकी साधारण दहा टक्के घरी दुसऱ्या व्यक्तीने जाऊन काही निवडक प्रश्न पुन्हा विचारावेत.

संमतीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. संमतीपत्र वाचून दाखवणे ही औपचारिकता झाली की समोरचा माणूस आपल्याला शासनाचा माणूस समजतो आणि रेशनकार्ड, घरकुल, अनुदान यांच्या आशेने उत्तरे देतो. 'या मुलाखतीमुळे तुम्हाला कोणताही लाभ मिळणार नाही आणि नकार दिलात तर काही तोटाही होणार नाही' हे वाक्य सावकाश, त्यांच्या डोळ्यांकडे पाहून सांगावे, आणि कोणी 'नको' म्हटले तर पुन्हा आग्रह करू नये. जात, आजार, कर्ज यांविषयीची उत्तरे नावापासून वेगळी करून कुलूपबंद ठेवावीत. सरपंचांसमोर घेतलेली मुलाखत ही बहुतेक वेळा सरपंचांचीच मुलाखत असते.

दोन पानांचे टिपण

सचिव, आयुक्त किंवा आमदार यांच्यापैकी कोणीही दीडशे पानांचा अहवाल वाचत नाही, आणि त्यांच्याकडे तेवढा वेळ नसणे हा त्यांचा दोष नाही. दोन पानांत मांडता येणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचा एक उत्कृष्ट नमुना आपल्याकडे १८८२ चा आहे. जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी आधी आपण कोणत्या अनुभवाच्या बळावर बोलत आहोत हे सांगितले: मुलींसाठी आणि तथाकथित खालच्या जातींसाठी शाळा काढल्या, चालवल्या. नंतर विसंगती दाखवली: महसूल येतो रयतेच्या श्रमांतून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. आणि मग नुसती हळहळ न मांडता उपाय सांगितले: प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, अभ्यासात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. कोणी, किती वयापर्यंत, किती रुपयांत, एवढे नेमके लिहिलेले असल्यामुळेच ते निवेदन आजही कार्यालयीन टिपणाचा वस्तुपाठ म्हणून वाचता येते.

तुमच्या टिपणातही शिफारस इतकी नेमकी हवी की ती वाचणाऱ्याला कोणत्या कार्यालयाने कोणता आदेश काढायचा हे कळेल. 'जनजागृती करावी' आणि 'समन्वय वाढवावा' या दोन शिफारशी मी माझ्या सहकाऱ्यांच्या मसुद्यांतून नेहमी खोडतो. तेच टिपण मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत स्वतंत्रपणे लिहिता आले पाहिजे, कारण मंत्रालयात आणि जिल्हा परिषदेत ते मराठीतून फिरते आणि निधी देणाऱ्याकडे इंग्रजीतून जाते.

प्रवेश कुठून

पदव्युत्तर शिक्षणासाठी गोखले संस्था, मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि पवईच्या आयआयटीचे धोरण अभ्यास केंद्र ही राज्यातील ओळखीची ठिकाणे आहेत. परंतु पदवीनंतर लगेच पदव्युत्तर शिक्षण घेण्यापेक्षा एक-दोन वर्षे काम करून मग विषय निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यासाठी दोन शिष्यवृत्ती-पदे उपयोगी आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप तरुणांना शासनाच्या कार्यालयात बसवून काम शिकवते आणि तिच्यासाठी मराठी यावे लागते. 'पीआरएस'ची लॅम्प फेलोशिप पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या अखेरपर्यंत एका खासदाराबरोबर काम करायला देते. दोन्हींच्या वयोमर्यादा व अटी त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीत पाहाव्यात. त्याशिवाय प्रयोगांतून उपक्रमांचा परिणाम मोजणाऱ्या 'जे-पॅल' सारख्या संस्था आणि विद्यापीठांचे प्रकल्प संशोधन सहायक व संशोधन सहयोगी अशी पदे भरतात. बहुतेकांचा प्रवेश याच दारातून होतो.

अर्जासोबत गुणपत्रिकेपेक्षा दोन गोष्टी अधिक बोलतात: दोन पानांचे स्वतः लिहिलेले टिपण, आणि आज्ञांची अशी फाइल जी दुसऱ्याच्या संगणकावर चालवली तर तोच आकडा देते. निवडीच्या वेळी बहुतेक संस्था अस्ताव्यस्त माहिती देऊन ती काही तासांत साफ करायला सांगतात. तेव्हा घाईने आलेख काढू नका. कोणत्या ओळी संशयास्पद वाटल्या आणि त्यांचे काय केले याची नोंद आधी लिहा, कारण परीक्षक तीच वाचतात.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. पद प्रकल्पापुरते आहे की संस्थेचे, निधी कोणाचा आणि केव्हापर्यंतचा, क्षेत्रकामाचे दिवस महिन्यात किती, गावातल्या मुक्कामाची आणि रात्रीच्या प्रवासाची सोय कोण करते, अपघात विमा आहे का, आणि अहवालावर संशोधन सहायकाचे नाव येते का. पगार खासगी कंपन्यांपेक्षा बहुधा कमी असतो आणि करार अकरा-बारा महिन्यांचे असतात, त्यामुळे घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगावे आणि पहिल्या सहा महिन्यांची तजवीज करून ठेवावी. निष्कर्ष निधी देणाऱ्याच्या विरोधात गेले तर ते प्रसिद्ध होतात का, हा प्रश्न मुलाखतीत विचारायला अवघड वाटतो. तो संस्थेत आधी काम केलेल्या दोघा-तिघांना गाठून खासगीत विचारावा आणि पत्रावर सही त्यानंतर करावी.